फणसाच्या लाकडाचं डायनिंग टेबल : दीड वर्षानंतर, आणि तो पिवळा चौकोन

गौरी-गणपतीला माणसं येणार म्हणून टेबलावरचं रेक्झिन काढलं आणि डोकंच फिरलं. सगळं टेबल चहासारखं तांबूस-तपकिरी, आणि रेक्झिनखाली दीड बाय दोन फुटांचा हळदीसारखा पिवळा चौकोन! पोरं सांडतात म्हणून तेवढाच भाग मी झाकला होता.

लाकूड घरचंच. सासऱ्यांनी लावलेला बरका फणस २०२० च्या निसर्ग वादळात आडवा झाला. (गरे कुणी खात नव्हतं, पण झाडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.) फळ्या कापून, मधे चिपा घालून चार पावसाळे पडवीत ठेवल्या. सागवानाचा भाव ऐकून आल्यावर मे २०२४ मध्ये याच फळ्यांचं टेबल करून घेतलं. खर्च मजुरीचा आणि जवसाच्या तेलाचा.

वाळवीचं म्हणाल तर पडवीतच परीक्षा झाली. एका फळीची कडेची पांढरट पट्टी भुगा झाली होती, आतल्या पिवळ्या गाभ्याला काही नाही. पांढरं सगळं कापून टाकायला लावा, फळी अरुंद झाली तरी चालेल. रेषा मधेच उलटतात, तिथे रंधा उचकटतो. सुतारानं शेवटी पॉलिश पेपरवरच भागवलं. सुरुवातीला ओल्या फडक्यालाही पिवळा रंग लागायचा. ब्रह्मदेश-थायलंडकडे भिक्खूंची चीवरं याच गाभ्याच्या काढ्यात रंगवायचे म्हणे. आमच्याकडे दोन पंचे रंगले.

तर चौकोन. सुताराला फोन करून मी तेलात भेसळ आहे इथपर्यंत बोलले. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, फणस उजेडानं काळवंडतो. झाकलंत म्हणून तेवढं कोरं राहिलं. उघडं ठेवा, ऊन दाखवा."

पटलं नव्हतं, पण टेबल खिडकीशी ओढलं. दिवाळीपर्यंत चौकोन पिवळ्याचा बदामी झाला. आता तिरपं बघितलं तरच कड दिसते, आणि मी रोज तिरपंच बघते. नवऱ्याला कधीच दिसली नव्हती. गणपतीत मी या लाकडाला नावं ठेवली होती, ती मागे घेते. पॉलिशवाला जो रंग चढवायचे पैसे सांगत होता, तो फुकटात आला.

तीन फळ्या उरल्यात, त्यांचा देव्हारा करायचाय. पण समईखालची ताटली एका जागी ठेवायची की रोज सरकवायची, यावर घरात अजून एकमत नाही.