गाणे मध्येच थांबते तेव्हा : मेश, केबल, यूपीएस की घरचा साठा?

खेड्यातील घरात वायफायवरचा स्पीकर लावला आणि सकाळचे भजन दुसऱ्याच कडव्यावर थांबले, की सल्ले चहूबाजूंनी येतात. दुकानदार मेश राउटरची (एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणाऱ्या डब्यांची) जोडी घ्यायला सांगतो, वायरमन केबल ओढून देतो म्हणतो, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा जास्त वेगाचा प्लॅन घ्या म्हणून फोन करतो आणि शेजारी इन्व्हर्टरकडे बोट दाखवतो. यांपैकी कोणीही खोटे सांगत नाही. मात्र गाणे सेवेच्या सर्व्हरपासून आपल्या कानापर्यंत येताना चार-पाच सांधे ओलांडते आणि प्रत्येक उपाय त्यांतील एकाच सांध्याला लागू पडतो. ज्या घरात यंदा एकाच उपायापुरते पैसे आहेत, त्या घरासाठी हा आढावा लिहिला आहे. माझे मत आधीच सांगतो : आपल्याकडील खेड्यात विजेची सोय पहिली, केबल दुसरी आणि मेश सर्वांत शेवटी. वेगाचा प्लॅन वाढवण्याची गरज संगीतासाठी जवळजवळ कधीच पडत नाही.

प्लॅनबद्दलचे हे मत साध्या हिशेबावरून बनले आहे. उत्तम प्रतीच्या एमपीथ्री गाण्याला सेकंदाला ३२० किलोबिट लागतात, म्हणजे एक मेगाबिटचा तिसरा हिस्सा. सीडीच्या दर्जाचे संगीत अजिबात न दाबता पाठवले तरी १४११ किलोबिट, म्हणजे दीड मेगाबिटहूनही कमी. ३० मेगाबिटच्या साध्या जोडणीत असे वीसेक प्रवाह मावतात. संगीताला प्रवाह अखंड हवा असतो आणि अखंडपणा प्लॅनच्या किमतीसोबत मिळत नाही.

आधी थांबण्याची तऱ्हा ओळखावी

आमचे घर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील एका गावात आहे. पुढे सपरी (ओसरी), तिथे बाबांची बंगई (झोपाळा). मध्ये दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचे माजघर. मागे स्वयंपाकघर आणि वर टिनाच्या छपराची माडी. फायबरची तार खांबावरून माडीच्या उंचीवर आली, म्हणून राउटरही माडीवरच बसवला गेला. सपरीतला स्पीकर वारंवार थांबू लागला, तेव्हा मी आठ दिवस एका वहीत वेळ, थांबण्याची तऱ्हा आणि राउटरवरचे दिवे यांची नोंद ठेवली. खरेदीपूर्वी एवढी एक गोष्ट प्रत्येकाने करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

काही सेकंद थांबून गाणे आपोआप पुढे सुरू झाले, तर वायफाय क्षीण आहे किंवा बाहेरचे इंटरनेट अडखळते आहे. दोन-तीन मिनिटे पूर्ण शांतता राहिली आणि नंतर गाणे हाताने सुरू करावे लागले, तर राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे. मोबाईलचा पडदा काळा झाल्यावर थोड्याच वेळात गाणे थांबत असेल, तर मोबाईलची बॅटरी वाचवणारी सोय त्या अ‍ॅपला झोपवते आहे. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला मोकळीक दिली की विनाखर्च काम भागते. एकाच खात्यावर दोन ठिकाणी गाणी चालू शकत नाहीत, असा अनेक सेवांचा नियम असतो. पुण्यातल्या मुलाने प्रवासात गाणे लावले की गावातले थांबते आणि आपण मात्र राउटरला दोष देत बसतो. त्यासाठी कौटुंबिक प्लॅन हाच उपाय आहे, यंत्र कोणतेही आणले तरी फरक पडणार नाही.

नोंद करताना एक फसगत होते. स्पीकर पुढील काही सेकंदांचे संगीत आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे जोडणी तुटल्यावरही तो साठा संपेपर्यंत गाणे चालू राहते. कारण आधी घडते आणि शांतता नंतर येते. म्हणून गाणे थांबल्या क्षणी काय झाले हे न पाहता, त्याच्या अर्ध्या मिनिटापूर्वी काय झाले हे आठवावे.

दुसरी चाचणी लॅपटॉपवर होते. एका खिडकीत राउटरच्या घरातल्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करीत राहावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. लॅपटॉप स्पीकरच्या शेजारी ठेवावा. राउटरकडून उत्तरे नियमित येत असून बाहेरची तुटत असतील, तर दोष घराबाहेर आहे. फायबरच्या डब्यावरचा एलओएस हा लाल दिवा लागला असेल तर तारेतून येणारा प्रकाशच बंद आहे, आणि तेव्हा तक्रार नोंदवण्याखेरीज आपल्या हाती काही नसते. राउटरचीच उत्तरे तुटत असतील, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. मेश आणि केबल यांचा प्रश्न या दुसऱ्या परिस्थितीतच उपस्थित होतो.

माझ्या वहीत दुपारी दोन ते पाच या वेळेतच जास्त नोंदी निघाल्या. प्रथम संशय कूलरवर गेला, कारण तो त्याच वेळी चालतो आणि त्याची लोखंडी पेटी राउटर आणि सपरी यांच्या नेमकी मध्ये, खिडकीत उभी असते. लोखंडी पत्रा वायफाय अडवतो, हे खरेच आहे. परंतु राउटरच्या सेटिंगच्या पानावर पाहिले तर तो सुरू होऊन जेमतेम चाळीस मिनिटे झाली होती, आणि त्या दुपारी लाईन (वीज) एकदाही गेली नव्हती. मी माडीवर जाऊन राउटर उचलला. हातात धरवत नव्हता. घरगुती राउटर साधारणतः ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पाराच ४५ च्या पुढे जातो, मग टिनाखाली काय होत असेल, हे सांगायला नको. राउटर माजघरातील फळीवर, भिंतीपासून चार बोटे पुढे आणून ठेवला आणि दुपारचे थांबणे संपले. खर्च फक्त थोडी तार वाढवण्याचा झाला.

मेश की केबल

राउटर थंड आणि मध्यवर्ती जागी आणूनही सपरीत सिग्नल क्षीण राहतो, अशी घरे पुष्कळ आहेत. मातीच्या जाड भिंती, टिनाच्या कोठ्या आणि लोखंडी कपाटे मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झची लहर लवकर दम तोडते. २.४ गिगाहर्ट्झची लहर त्या मानाने दूर जाते, म्हणून अशा घरात स्पीकर २.४ वरच जोडावेत. राउटरमध्ये चॅनेल आपोआप बदलू न देता १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला एक पक्का करावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. गावात घरे विरळ असल्याने मोकळा चॅनेल मिळणे सोपे जाते. या एका बाबतीत शहरवासीयांपेक्षा आपली स्थिती चांगली आहे.

इतके करूनही भागले नाही, तरच पैसे खर्च करण्याचा विचार करावा. मेशची जोडी दिसायला सुटसुटीत असते, भिंत फोडावी लागत नाही आणि मोबाईलला घरभर सिग्नल मिळतो. मेशऐवजी घेतला जाणारा स्वस्त एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारा डबा, ऐकलेलेच पुन्हा त्याच लहरीवर सांगतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. संगीताला तेवढ्याने फरक पडत नाही. अडचण निराळी आहे. मेशमधला प्रत्येक डबा विजेवर चालतो, आणि लाईन गेली की माजघरातला राउटर बॅटरीवर जिवंत असूनही सपरीतला डबा मरतो. शिवाय काही संच स्पीकरला एका डब्यावरून दुसऱ्यावर ढकलतात आणि त्या अदलाबदलीत गाणे अडखळते. एक्स्टेंडर जिथे सिग्नल संपला तिथे लावण्याची चूक सर्वजण करतात. तो राउटर आणि स्पीकर यांच्या मध्यावर, सिग्नल अजून बरा असेल तिथे लावायचा असतो. काही एक्स्टेंडर आपले वेगळे जाळे तयार करतात, मग मोबाईल एका जाळ्यात, स्पीकर दुसऱ्यात आणि अ‍ॅपमध्ये स्पीकर दिसेनासा होतो.

केबलला यांतले काहीच लागू होत नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत निर्धोक चालते, आणि खेड्यातल्या घरात एवढे अंतर सहसा भरत नाही. तांब्याच्या मुलाम्याची अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिची टोके लवकर सैल होतात. शुद्ध तांब्याचीच मागावी. विजेच्या तारांच्या नळीत ती घालू नये, स्वतंत्र पीव्हीसी नळी टाकावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात उंदीर ती कुरतडतात. स्पीकरला केबलची खाच नसेल, तर सपरीत जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारा डबा) म्हणून केबलने जोडावा, त्यातले डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करावे आणि नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवावेत. मेशच्या एका जोडीच्या खर्चात हे सगळे होऊन वर पैसे उरतात.

केबल केव्हा टाकू नये, तेही सांगणे आवश्यक आहे. घरापासून वेगळ्या असलेल्या कोठ्यापर्यंत (गोठ्यापर्यंत) किंवा वावरातल्या खोलीपर्यंत तांब्याची तार उघड्यावरून ओढू नये. मृगाच्या आधी विजा कडाडतात तेव्हा जवळपास वीज पडली, तरी अशा लांब तारेत दाब निर्माण होऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. तिथे मेश किंवा फायबरचा तुकडाच योग्य. भाड्याच्या घरात, जिथे मालक भोक पाडू देत नाही, तिथेही मेश घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

इन्व्हर्टर की छोटा यूपीएस

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून राउटर सुरक्षित आहे, असा समज सर्वत्र आढळतो. लाईन जाऊन इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत क्षणभराची फट पडते. पंख्याला ती जाणवत नाही, राउटरला मात्र जाणवते, आणि मग तो पुन्हा सुरू होण्यात दोन-तीन मिनिटे जातात. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असे दोन पर्याय देणारे बटण असते. यूपीएसवर ठेवल्यास फट बरीच कमी होते. परंतु त्या स्थितीत तो कमी दाबाची वीज स्वीकारत नाही. सिंचनाच्या हंगामात मोटारपंप सुरू झाले आणि दाब १८० व्होल्टच्या आसपास घसरला, की तो लाईन असूनही बॅटरीवर जातो आणि बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत राहते. रात्री पंखा बंद पडल्यावर हे लक्षात येते.

त्यामुळे राउटरसाठी स्वतंत्र छोटा डीसी यूपीएस घेणे मला जास्त योग्य वाटते. तो अ‍ॅडाप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो, बॅटरी सतत जोडलेली असल्याने फट पडतच नाही. घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचे आकडे वाचावेत. १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिले असेल तर यूपीएसही तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा हवा, व्होल्ट मात्र तंतोतंत जुळले पाहिजेत. २० वॉट-तासांची बॅटरी आणि ७ वॉटचा राउटर असेल, तर सुमारे अडीच तास निघतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडणी द्यावी. हे विसरणारे अनेकजण पाहिले आहेत. सपरीतला अ‍ॅक्सेस पॉइंट आणि स्पीकर यांना इन्व्हर्टर पुरतो, पण ती क्षणभराची फट त्यांनाही लागते.

ऑनलाइन की घरचा साठा

लाईन गेल्यावर बाहेरचे इंटरनेट टिकते की नाही, हे यूपीएस आणल्यावरच कळते. फायबरच्या पलीकडच्या टोकावरील यंत्रेही विजेवर चालतात, आणि मोबाईल टॉवरची बॅटरीही कधी ना कधी संपते. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते, तिथे घरच्या साठ्याला पर्याय नाही. अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी मोबाईलवरून ब्लूटूथने वाजवता येतात. पण तेच गाणे कास्ट करून वायफायच्या स्पीकरवर पाठवले, की स्पीकर ते बहुधा पुन्हा इंटरनेटवरूनच मागवतो. ब्लूटूथमध्ये फोन आला की गाणे थांबते आणि मोबाईल हातात घेऊन परसात गेले की तुटते, म्हणून रोजच्या वापराला मी ते सुचवत नाही.

आपल्या मालकीच्या फायली असतील तर गोष्ट वेगळी. बाबांकडे गावच्या भजन मंडळाच्या खंजिरी भजनांच्या अकरा कॅसेट होत्या, फिती चिकटू लागलेल्या. त्या संगणकात उतरवून, इतर विकत घेतलेल्या सीड्यांसह ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये भरल्या आणि तो राउटरच्या यूएसबी खाचेत लावला. ३२० किलोबिटच्या गाण्यांना तासाला १४४ एमबी लागतात, तेव्हा त्यात सुमारे ४४० तासांचे संगीत मावते. राउटरमधील डीएलएनए सोय (घरातल्या यंत्रांना साठवलेल्या फायली वाजवू देणारी) चालू केली की स्पीकर थेट तिथून वाजवतो, बाहेरचे इंटरनेट असो वा नसो. ज्यांच्या राउटरला यूएसबी नाही, त्यांनी थेट पेनड्राइव्ह लावता येणारा स्पीकर पाहावा.

शेजारच्या गावातील एक काका मेशची जोडी घ्यायला निघाले होते, तेव्हा आठ दिवसांची नोंद त्यांनीही ठेवली. त्यांच्या वहीतील चौदा थांबण्यांपैकी अकरा लाईन गेल्यानंतरची निघाली. त्यांनी डीसी यूपीएस घेतला, पंचवीस मीटर केबल घेतली, आणि मेशचे उरलेले पैसे तुरीच्या फवारणीला वापरले.