‘३० एक्स’ छापलेलं घडीचं भिंग: तरोट्याच्या कसोटीवर

सोनार आणि घड्याळजींचं सामान विकणाऱ्या दुकानांत, आणि ऑनलाइनही, शे-दोनशे रुपयांना एक घडीचं भिंग मिळतं. पत्र्याचं कवच, त्यात फिरवून उघडणारं काचेचं भिंग आणि कवचावर कोरलेलं ‘३० एक्स, २१ एमएम’, म्हणजे ३० पट मोठं दाखवणारं, २१ मिलिमीटर रुंदीचं. हर्बेरियमसाठी (वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी) झाडं गोळा करणारे विद्यार्थी सहसा हेच घेतात. शेताच्या बांधावर ते किती कामाचं आहे हे तपासायला तरोट्याइतकं सोयीचं झाड नाही. आपण मराठवाड्यात ज्याला सरसकट तरोटा म्हणतो (कोकणातला टाकळा), त्यात दोन जाती मोडतात: सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्येच दोन्हींना वेगवेगळी नावं दिली होती, पण पुढे अनेकांनी त्या एकच धरल्या. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी करताना हा फरक कुणी बघत नाही, बघायची गरजही नसते. चक्रमर्द या आयुर्वेदिक नावानं बी विकत घेणाऱ्याला आणि हर्बेरियमच्या कागदावर नाव लिहिणाऱ्याला मात्र तो कळायला हवा.

आधी त्या ‘३०’चं. ते खरं नाही. खोलीत उभं राहून खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा भिंगातून कोऱ्या कागदावर पाडा. ती स्पष्ट दिसेल तेव्हा भिंग आणि कागद यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५०ला त्या आकड्यानं भागा; येईल तितक्या पट भिंग मोठं दाखवतं. उत्तर साधारण १०च्या आसपास येतं, कधी त्याहूनही कमी. ३० पट हवं तर हे अंतर जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर यायला हवं. साध्या काचेचा २१ मिलिमीटरचा अख्खा गोळा केला तरी तो १६ पटीच्या पुढे जात नाही, मग चपट्या भिंगाकडून ३०ची काय अपेक्षा करायची? ही मोजणी सूर्यावर करू नका, कागद पेटेल.

गंमत अशी की तरोट्याला १० पटच पुरतं. या झाडाचं पान तीन जोड्या पर्णिकांचं, म्हणजे एका दांड्यावरच्या छोट्या पानांचं. सेन्ना टोरात खालच्या दोन्ही जोड्यांच्या मधोमध, पानाच्या दांड्यावर, काडीसारखी एकेक बारीक ग्रंथी असते, म्हणजे एकूण दोन. ऑब्ट्युसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या जोडीत एकच. ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते, भिंगानं खात्री पटते. चूक होते ती पान निवडताना. जुन्या पानांवरची ग्रंथी सुकून गळते, म्हणून दोन असलेल्या झाडावर एकच उरते आणि नाव बदलतं. खालची जोडी गळून गेली असेल तर उरलेल्यांतली मधली जोडीच पहिली वाटते. त्यामुळे शेंड्याजवळची पुरती उघडलेली चार-पाच पानं बघा, आणि एकाच नाही तर तीन-चार झाडांची बघा. दिवस मावळताना पर्णिका मिटतात आणि ग्रंथी आत दडते, तेव्हा सकाळी जाणं सोयीचं.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर. हात लांब करून भिंग पानावर धरलं तर टीचभरच भाग दिसतो आणि नवखा माणूस भिंगालाच नावं ठेवतो.

शेंगा लागल्यावर देठ मोजा: टोरात तो दीड सेंटिमीटरपर्यंत, ऑब्ट्युसिफोलियात दोन ते तीन. शेंग वाढते तसा देठही लांबतो, म्हणून फुलाच्या देठावर पैज लावू नये. सगळ्यात पक्की खूण बियांवर आहे. चकचकीत, तिरक्या चौकोनी बीच्या दोन्ही बाजूंना एक फिकट पट्टा असतो. टोरात तो दीड ते दोन मिलिमीटर रुंद, ऑब्ट्युसिफोलियात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद, नुसती रेघ. दुकानातून आणलेल्या सुट्या बियांची ओळख इथेच लागते. या कामात भिंग पूर्ण गुण मिळवतं, मात्र त्यात एलईडी दिवा असेल तर तो बंद ठेवा. गुळगुळीत बीवर त्याची तिरीप चमकते आणि पट्टा दिसेनासा होतो. बी ओल्या फडक्यानं पुसा आणि ऊन बाजूनं येईल असं धरा.

भिंग कमी पडतं ते फुलात. ऑब्ट्युसिफोलियाच्या मोठ्या परागकोशांना टोकाच्या छिद्राखाली बाटलीसारखी आखूड मान असते, टोरात ती नसते. हे बघायला कडेपर्यंत नितळ प्रतिमा लागते. एकाच काचेचं हे भिंग मधल्या भागातच धड दाखवतं, कडेला रेषा वाकतात आणि रंगाच्या झालरी येतात. तीन काचा जोडलेलं १० पटीचं ट्रिपलेट घेतलं की मान स्वच्छ दिसते, पण त्याला हजाराच्या पुढे मोजावे लागतात. पान आणि बी हाताशी असेल तर या खुणेवाचून अडत नाही, म्हणून नुसत्या तरोट्यासाठी तो खर्च करू नये. गवतं ओळखायची असतील तर मात्र करावा.

टिकाऊपणा बेताचा. काळ्या मातीची धूळ बिजागरीत बसली की कवच कुरकुरतं, पाऊस लागला की गंजही धरतं. भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसू नका, मातीतले कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकर, मग मऊ सुती कापड. कवचाला भोक असतंच, त्यात लाल किंवा नारिंगी दोरी ओवून गळ्यात घाला. सोयाबीनच्या दाट पिकात पडलं तर चंदेरी कवच सापडत नाही. घेताना दुकानातच पट्टीच्या मिलिमीटर रेघा बघून घ्या. मधल्याही रेघा पुसट दिसल्या तर काच वाईट आहे, दुसरा नग मागा.