नूहची नाव की सुलेमानची मुंगी? चिमुकल्यांना आधी कोणती गोष्ट सांगावी

बहुतेक घरांत पैगंबरांच्या गोष्टींची सुरुवात हजरत नूहच्या नावेपासून होते. जनावरं आहेत, धो-धो पाऊस आहे, पोरं रमतात. पण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मी ती मागे ठेवीन. कुरआनातल्या सूरह हूद या अध्यायात नूहचा मुलगा नावेत चढत नाही, ‘डोंगरावर जाऊन वाचतो’ म्हणतो, आणि बुडतो. पोर लगेच विचारणार, ‘अब्बूनं त्याला ओढून का नाही घेतलं?’ हा प्रश्न मौलवीसाहेबांनाही जड जाईल. मुलगा वगळूनही सांगतात, पण मग गोष्टीत जनावरं तेवढी उरतात.

त्यापेक्षा सूरह नमलमधली मुंगी घ्या. हजरत सुलेमानचं लष्कर येताना दिसतं आणि एक मुंगी बाकीच्यांना सांगते, ‘आपापल्या घरात शिरा, नाहीतर नकळत चिरडल्या जाल.’ सुलेमान ते ऐकून हसतात आणि अल्लाहचे आभार मानतात. कोणी मरत नाही, कोणाला शिक्षा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घेऊन भिंतीवर चढणाऱ्या मुंग्या आपल्या पोरांनी पाहिलेल्याच असतात. दुसऱ्या रात्रीची सोयही त्याच सूरहमध्ये आहे: सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद. वखरलेल्या वावरात चोच खुपसत फिरणारा तुरेवाला पक्षी तोच, हे सकाळी दाखवता येतं.

हजरत युनूस या दोन्हींच्या मधले. माशाच्या पोटातला अंधार काही पोरांना आवडतो, काही घाबरतात. आपलं पोर आपल्यालाच ठाऊक. ‘ऐकलं नाही म्हणून माशानं गिळलं’ असा धाक मात्र घालू नका. अंधारातून हाक मारली आणि ती ऐकली गेली, गोष्टीचा जीव तिथं आहे. बाहेर पडल्यावर आजारी युनूसवर अल्लाह वेल उगवतो, बहुतेक जण त्याला भोपळ्याचा म्हणतात. आपल्याकडं तो छपरावरच चढलेला असतो.

हजरत युसुफची गोष्ट पोर सात वर्षांचं झाल्यावर. भावांनीच विहिरीत टाकलं, हे धाकटं भावंड असलेल्या घरात जरा जपून. मात्र सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून दुष्काळाची तयारी करायची, हा भाग घरातल्या आजोबांना सांगू द्या.

दया शिकवायची तर दोन गोष्टी समोर येतात. मुहंमद पैगंबरांवर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट सगळीकडं सांगतात, पण हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, विश्वसनीय संग्रहांत ती नाही. तहानलेल्या कुत्र्याची ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे: माणूस विहिरीत उतरतो, चामडी मोज्यात पाणी भरतो, तो दातांत धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. पोरं हे करूनही दाखवतात. मी कुत्र्याचीच निवडीन.

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, ही सूफी संत बाबा फरीदांची आख्यायिका तिथंच, दगड हातात देऊन सांगावी. फक्त ती दर्ग्याची गोष्ट आहे, कुरआनातली नाही, एवढं बोलून ठेवायचं.

मोबाईलवरचं कार्टून की तोंडी? तोंडी. व्हिडिओ मधल्या प्रश्नासाठी थांबत नाही. चित्रांचं पुस्तक घ्यायचं तर पैगंबरांचे चेहरे नसलेलं. नाव, मासा, मुंगी एवढ्यावर भागतं. आणि घरात बोलतो त्याच बोलीत सांगा, किताबी उर्दूचा हट्ट नको.

बकरीद तोंडावर असेल तर हा क्रम मोडतो. उन्हाळ्यात गुंड-घागर घेऊन पाण्यासाठी फिरणारी आई पाहिलेल्या पोराला एरवी मी आधी हजरत हाजराची पाण्यासाठी सफा-मरवा या टेकड्यांमधली धावपळ आणि जमजमचा झरा सांगितला असता. पण दारात बकरा बांधलेला असतो, पोरानं त्याला पाला चारलेला असतो, तेव्हा प्रश्न मुलाची कुर्बानी द्यायला निघालेल्या हजरत इब्राहीमबद्दलच येतो. टाळू नका. शेवट आधी सांगा: मुलाला काही झालं नाही, त्याच्या जागी दुंबा, म्हणजे मेंढा, आला. मग बाकीची गोष्ट, थोडक्यात.