हिवाळ्यात पास, मे महिन्यात नापास: रॅम ओव्हरक्लॉकचे आठ महिने

नोव्हेंबरात डेस्कटॉप जोडला. रायझन 5 5600, बी550 बोर्ड आणि 16 जीबीच्या दोन डीडीआर4 3600 सीएल18 रॅम स्टिक. एएमडी या प्रोसेसरला रॅमच्या 3200 वेगापर्यंतचाच अधिकृत सपोर्ट देते, म्हणजे 3600 चं एक्सएमपी (स्टिकमध्ये कंपनीने भरून दिलेलं जास्त वेगाचं सेटिंग) हेही ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवणं. तिथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण हाताला खाज! सीएल (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचा विलंब) 18 चं 16 केलं आणि बोर्डाने आपणहून 630 ठेवलेलं टीआरएफसी (रिफ्रेशला, म्हणजे पेशीतला चार्ज पुन्हा भरायला, दिलेला वेळ, क्लॉकच्या ठोक्यांत) 468 वर आणलं. 3600 ला हिशेब केला तर रिफ्रेशसाठी 350 ऐवजी 260 नॅनोसेकंद. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट86 लावलं, चारही फेऱ्या पास, एरर शून्य. मी खूश.

हिवाळाभर मशीनने कुरकुर केली नाही.

एप्रिल सरता सरता क्रोमचे टॅब मरायला लागले. मग झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा जुळत नसल्याची तक्रार. तीच झिप पुन्हा उघडली तर व्यवस्थित. खरं तर इथंच रॅमवर संशय यायला हवा होता, पण मेमटेस्टने दिलेलं प्रमाणपत्र डोक्यात पक्कं बसलेलं. एसएसडी तपासली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, विंडोज नव्याने टाकलं, यूपीएसला शिव्या घातल्या. शेवटी इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळा वहीत उतरवल्या. सगळे क्रॅश दुपारी बारा ते पाचमधले. अकोल्यातली मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, हे इकडच्यांना सांगायला नको.

रॅमच्या पेशीतला चार्ज सतत गळत असतो, आणि उष्णता वाढली की जास्त वेगाने गळतो. तो भरून काढायला मी दिलेले 260 नॅनोसेकंद डिसेंबरात पुरले, मे महिन्यात नाही. मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं, त्यामुळे केसमधली हवा थंड राहते. त्यात मी ते चालवायचो रात्री, कूलर लावून! मग भर दुपारी कार्डावर लोड टाकून टेस्टमेम5 ही विंडोजमध्येच चालणारी रॅमची चाचणी लावली. स्टिकचा सेन्सर 57 अंशांवर गेला आणि अठराव्या मिनिटाला पहिली एरर आली.

इथं आणखी एक घोडचूक केली. व्होल्टेज 1.35 वरून 1.40 केलं. स्टिक आणखी तापल्या, एरर नवव्याच मिनिटाला. परत 1.35 वर आलो, बाकी कशाला हात न लावता फक्त टीआरएफसी 540 केलं, म्हणजे 300 नॅनोसेकंद. त्याच उन्हात, त्याच लोडवर चार तास, एकही एरर नाही. सीएल 16 तसंच ठेवलंय, त्याचा काही दोष नव्हता.

ब्लू स्क्रीन परवडला, निदान तो दिसतो. त्या दिवसांत भाचीच्या बारशाचे फोटो कॉपी करून मेमरी कार्ड फॉरमॅट केलं होतं. त्यातले अकरा फोटो अर्ध्यातून करडे पडलेत. ताई अजून विचारते.

एवढ्या खटाटोपाने मिळालं काय? बेंचमार्कमध्ये थोडा आकडा वाढला. गेममध्ये मला तरी फरक कळला नाही. एक्सएमपी लावून सोडून द्या, असंच मी विचारणाऱ्याला सांगतो.

468 वालं प्रोफाइल मात्र बायोसमध्ये ‘हिवाळा’ नावाने अजून सेव्ह आहे.