बाबांना संवाद ऐकू यावेत म्हणून बसवलेलं होम थिएटर : आठ महिन्यांनंतर

आमच्या पुण्याच्या धनकवडीतल्या घरात ५.१ (पाच स्पीकर आणि खालच्या आवाजासाठी एक सबवूफर) होम थिएटर बसवलं त्याला दिवाळीपासून आता आठ महिने झाले. खर्च सगळा मिळून २८,१५० रुपये, आणि बरंचसं सामान सेकंड हँड. बाबांसाठी घेतलं हे आधी सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून झाला. बाबा निवृत्त मराठीचे शिक्षक. नाटकं, मुलाखती, जुने सिनेमे हा त्यांचा दिवसभराचा विरंगुळा. दोन वर्षांपासून दर चार वाक्यांनी विचारायचे, "काय म्हणाला रे तो?" टीव्हीचा आवाज चाळीसवर, खालच्या मजल्यापर्यंत पार्श्वसंगीत पोचतंय, आणि बाबांना मात्र शब्द कळत नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयामुळे वरच्या पट्टीचं ऐकणं कमी झालंय. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच वरच्या पट्टीत असते, स्वर खालच्या पट्टीत असतात. त्यामुळे आवाज वाढवला की आ-ओ मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. श्रवणयंत्र ते घालू लागलेच. पण आमच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून आहेत, म्हणजे मुळात शब्द समोर येतच नव्हते.

साउंडबार घ्यावा असं आधी मनात होतं. पण बाबांची खुर्ची हॉलच्या मधोमध नाही, उजव्या भिंतीला गॅलरीच्या दाराजवळ आहे, आणि ती तिथून हलणार नाही, त्यांना उजेड आणि वारा तिथेच मिळतो. अशा कडेच्या जागी बसणाऱ्याला दोनच स्पीकर असतील तर संवाद जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखे वाटतात. पडद्याखाली स्वतंत्र सेंटर स्पीकर असेल तर बोलणारा माणूस पडद्यावरच राहतो, तुम्ही कुठेही बसा. सिनेमाच्या ५.१ आवाजात बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र) असेल तर तेवढाच आवाज वेगळा वाढवता येतो. माझा निर्णय इथेच झाला.

खरेदीचं थोडक्यात. यामाहाचा जुना ५.१ रिसीव्हर ९,००० ला, पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर ४,५००, सेंटर ३,०००, मागचे दोन छोटे २,०००, सबवूफर ६,५००. उरलेले ३,१५० वायर, एचडीएमआय केबल, ब्रॅकेट आणि स्पाइक गार्डमध्ये गेले. वायर-केबलसाठी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दोन चकरा झाल्या. तिथे डब्यावर हजारो वॉट पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेले संच समोर येतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी ताकद, किती, आणि स्पीकर किती ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). माझ्या रिसीव्हरला किमान ६ ओहमचे स्पीकर लागतात आणि आमच्या हॉलमध्ये त्याची निम्मी ताकदही कधी लागलेली नाही.

वायरच्या बाबतीत मी एकदा फसलो. पहिल्या चकरेत स्वस्तातली वायर घेतली. घरी येऊन टोक सोललं, ब्लेडने एक तार हलकेच खरवडली, तर वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी चकाकी दिसली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर लवकर तुटते, आणि त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा विरोधही जास्त. दुसऱ्या दिवशी अस्सल तांब्याची १६ गेजची ३० मीटर आणली, ४५ रुपये मीटर. या वेळी दुकानातच टोक खरवडून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "बघा ना दादा, बिनधास्त बघा." तुम्हीही बघाच.

आता बसवणं, कारण खरे महिने त्यात गेले.

पहिले तीन आठवडे आम्ही ५.१ ऐकतच नव्हतो. मागच्या स्पीकरमधून आवाज यायचा म्हणून मी समाधानी होतो. एकदा रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे नीट पाहिलं तर तिथे पीसीएम लिहिलेलं. टीव्ही दोनच चॅनल पाठवत होता आणि रिसीव्हर तेच पाचांत पसरवत होता. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होतं, ते 'बिटस्ट्रीम' केलं, आणि डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल, म्हणजे खरं ५.१, उमटलं. काही टीव्हींत याच पर्यायाला 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' म्हणतात. केबलही टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी लिहिलेलं असतं तिथेच हवी. एआरसी म्हणजे त्याच केबलने टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे येण्याची सोय. ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे जुन्या रिसीव्हरमध्येही मिळते. शिवाय सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलने उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू असावी लागते, आणि तिला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते: सॅमसंग ॲनिनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधत बसलो असतो तर सापडलं नसतं.

आमच्याकडे काही गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. वीज परत आली की टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखत नाहीत, आवाज गायब. उपाय एकच ठरला आहे: दोन्हींचे प्लग बोर्डातून काढायचे, पाच मिनिटं थांबायचं, आधी टीव्ही लावायचा, मग रिसीव्हर. आईला हे कागदावर लिहून दिलंय, कारण मी तेव्हा ऑफिसात असतो.

रिसीव्हरसोबत मोजमापाचा माइक आला होता. यामाहा या सोयीला वायपीएओ म्हणते. माइक कानाच्या उंचीवर ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून ठरावीक आवाज काढून अंतर आणि पातळी मोजतो. मी तो बाबांच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या बरोबर जागी, कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधून ठेवला. पहिल्यांदा संध्याकाळी केलं ते फुकट गेलं. पंखा चालू, फ्रीज घुमतोय, खाली टाकीची मोटर. मग रविवारी पहाटे पाचला उठून, पंखा-फ्रीज बंद करून पुन्हा केलं. उजवा मागचा स्पीकर बाबांच्या कानापासून जेमतेम तीन फुटांवर आहे. त्याचा आवाज रिसीव्हरने आपणहून कमी केला आणि थोडा उशिरा सोडला, त्यामुळे तो आता कानात ओरडत नाही. डाव्या सोफ्यावर बसणाऱ्या आम्हा बाकीच्यांना तोल जरा उजवीकडे गेलेला वाटतो. ते आम्ही मान्य केलंय.

त्याच मोजमापात डिस्प्लेवर 'डब्ल्यू-१' आलं, म्हणजे एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं असल्याचा इशारा. रिसीव्हरने पुढच्या उजव्यावर बोट ठेवलं होतं, पण दोन्ही टोकांना लाल वायर लालमध्येच होती. खात्री करायला वायर रिसीव्हरमधून सोडवली, स्पीकरची जाळी काढली, आणि दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याचं प्लस लाल टोकाला, मायनस काळ्याला क्षणभर टेकवलं. डाव्या स्पीकरचा कोन 'टप्' करून बाहेर आला. उजव्याचा आत गेला. जुन्या मालकाने कधीतरी आतली वायर उलटी जोडली असावी. बाहेरची वायर मुद्दाम उलटी लावली आणि पुरुषी आवाजाला जे पोकळपण होतं ते गेलं. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलत असले की खालचा आवाज हवेतच एकमेकांना खाऊन टाकतो. सेकंड हँड जोडी घेतलीत तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करा. सेल फक्त टेकवायचा, धरून ठेवायचा नाही.

माझ्या छोट्या स्पीकरना मोजमापाने 'लार्ज', म्हणजे खालचा आवाजही झेपणारे, ठरवलं होतं. ते हाताने 'स्मॉल' केलं आणि ८० हर्ट्झखालचं, म्हणजे अगदी खालच्या पट्टीचं, सगळं सबवूफरकडे वळवलं. ओझं उतरल्यावर छोटे स्पीकर जास्त मोकळे वाजतात.

सर्वांत मोठा फरक मात्र एका रबरी डोअर स्टॉपरने पडला. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत सरकवून ठेवला होता. जमिनीपासून दीड फूट, तोंड गुडघ्यांकडे. आवाज माठात बोलल्यासारखा. स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेला ओढला, खाली पुढच्या बाजूने पाचरीसारखा स्टॉपर सारला, त्यामुळे तोंड वर बाबांच्या चेहऱ्याकडे झालं, आणि सगळा स्पीकर किंचित उजवीकडे वळवला. वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, तो कानावर पडायलाच हवा. मग सेंटरची पातळी तीन डेसिबल वाढवली. त्या रात्री एक जुनं नाटक लावलं होतं. मध्यंतरापर्यंत बाबांनी एकदाही "काय म्हणाला" विचारलं नाही. आईच्या ते आधी लक्षात आलं, तिने मला खुणेने दाखवलं.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत हा दोष बाबांनीच पकडला. केबलचा सेट टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडलाय. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, त्यात वेळ जातो, आवाज मात्र आधीच पोचलेला असतो. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, त्याला हे फार टोचतं. किती उशीर लावायचा ते कसं ठरवावं विचारलं तर बाबा म्हणाले, "बातम्या लाव आणि प, फ, ब, भ, म बघ. ओठ मिटल्याशिवाय 'प' आणि 'म' निघत नाहीत." तसंच केलं. निवेदिकेच्या 'मुंबई' आणि 'पंतप्रधान' या शब्दांवर डोळे ठेवून दहा-दहा मिलिसेकंद वाढवत गेलो. ८० वर बाबा म्हणाले, "बसलं." आजही तोच आकडा आहे.

सबवूफर आधी कोपऱ्यात होता आणि नुसता घुमायचा. आमचा हॉल १५ बाय १० फूट, छत साडेनऊ. दहा फुटांच्या रुंदीत साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो, साडेनऊच्या उंचीत ५९ ला. दोन्ही जवळजवळ एकाच जागी पडतात, आणि भिंतीला लागून बसलेल्या माणसाला ते सर्वांत जास्त जाणवतं. त्यावर जुना उपाय केला (सबवूफर आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी खालचा आवाज तसाच ऐकू येतो): सबवूफर उचलून बाबांच्या खुर्चीत ठेवला, तबल्याच्या डग्ग्याचं वादन लावलं, आणि मी भिंतीकडेने रांगत कान लावत गेलो. डावीकडून चार फुटांवर, टीव्ही युनिटला लागून, डग्ग्याचा प्रत्येक घुमारा वेगळा ऐकू आला. सबवूफर तिथे ठेवला. दुसरी बरी जागा सोफ्याच्या डाव्या हाताशी होती, तिथे फरशीवर टेपने खूण केली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास होऊ नये म्हणून त्याखाली शहाबादी फरशी आणि रबराची चटई घातली. थोडा फरक पडला. जास्त फरक पडला तो रात्री दहानंतर सबवूफर सहा डेसिबल उतरवायचा नियम केल्याने.

उघड्या फरशीच्या खोलीत टाळी वाजवली तर भिंतींतून टर्र असा झंकार यायचा. त्यावर रविवार पेठेतून जाड पडदे आणले, खाली सतरंजी आली, आणि आईने तिच्या जुन्या साड्यांची गोधडी सोफ्यामागच्या भिंतीवर लावायला दिली. व्यंजनं आणखी स्वच्छ झाली. कापडाने खालचा घुमारा मात्र कमी होत नाही, तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जानेवारीत स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येऊ लागला. मी बोलावलेल्या वायरमनने रिसीव्हर आणि सबवूफर ज्या स्पाइक गार्डवर आहेत त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं. हे कधीही करू नका, त्यात जीव जाऊ शकतो. मी एकेक केबल काढून पाहिली. भिंतीतून येणारी केबल टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्समधून सोडवताच घूं थांबलं. दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधून प्रवाह फिरत होता. त्या वायरीवर छोटा आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोड तोडणारा तुकडा, लावला, प्रश्न मिटला. छतावर डिश असेल तर हा उपाय चालणार नाही, कारण डिशला त्याच वायरीतून वीज जाते.

आत्ता पावसाळ्यात उजवा मागचा स्पीकर खरखरू लागला होता. गॅलरीचं दार तिथेच, ओल येते, तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. अर्धा इंच कापून नवीन टोक सोललं आणि बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची पिन) लावला.

पूर्वी टीव्ही चाळीसवर असायचा. आता रिसीव्हर उणे ३० वर असतो (त्याचा आकडा शून्याच्या खाली मोजतात, जितका खाली तितका आवाज कमी) आणि स्वयंपाकघरात आईला फोनवर निवांत बोलता येतं.

गणपतीत मखर टीव्ही युनिटला लागूनच बसतं, म्हणजे नेमकं सबवूफरच्या जागी. दहा दिवस तो सोफ्याजवळच्या टेपच्या खुणेवर जाईल. त्यासाठी पाच मीटर लांब केबल लागेल, ती येत्या शनिवारी आणतो, आणि पहाटे पाचला माइक पुन्हा बाबांच्या खुर्चीवर.