प्रदर्शनातला बोल्ट सुटतो, घरचा सुटत नाही: एक्स्ट्रॅक्टरचा लाल सेट घेण्याआधी वाचा

तुटलेले, गंजलेले बोल्ट आणि स्टड काढायचा एक्स्ट्रॅक्टर सेट सध्या कृषी प्रदर्शनांतून लाल पेटीत विकला जातोय. पंधरा नग, सोबत ड्रिलची बिटं, आणि भाव ‘बाहेर साडेतीन हजार, आज प्रदर्शनात अठराशे’. सांगली भागातल्या एका प्रदर्शनात मी तो घेतला. अठराशे रुपये पाण्यात गेले ते गेलेच. त्या सेटमुळे पंपाला जो खर्च आला तो वेगळा, आणि ऐन हंगामात ब्लोअर, म्हणजे बागेला औषध फवारायचं यंत्र, बंद पडून राहिला ते आणखी वेगळं.

आमची द्राक्षबाग आहे, तासगाव तालुक्यात. बागायतदाराला बोल्ट तुटणं नवीन नाही. ब्लोअरच्या एचटीपी पंपातून, म्हणजे दाबानं औषध फेकणाऱ्या पंपातून, पावसाळाभर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) आणि तांब्याची औषधं जातात आणि मोरचूद लोखंडाला खातो. बोर्डो बनवताना आपण विळ्याचं पातं बुडवून बघतोच की. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं, चुना कमी पडलाय, अजून घाला. पातं बुडतं घटकाभर, पंपाचे बोल्ट मात्र त्या गळतीत महिनोन्‌महिने भिजतात. व्हॉल्व्ह बदलायला पंप उघडला तेव्हा दहा एमएमच्या एका बोल्टची मुंडी पान्ह्याबरोबर हातात आली आणि बाकीचा बोल्ट बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीत, पृष्ठभागाच्या किंचित खालीच, अडकून राहिला. छाटणी होऊन बाग पोंग्यात आलेली, म्हणजे कोवळी फूट निघत असलेली, वर आभाळ भरलेलं. अशा दिवसांत फवारणी चुकली तर डावणी (बुरशीचा रोग) काय करते ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको.

प्रदर्शनातल्या त्या स्टॉलवर गर्दी होती ती फुकटची नव्हती, माणूस खरंच हुशार. टेबलावर बिडाचा जाड ठोकळा, त्यात एका रांगेत तुटके बोल्ट, सगळे लालभडक गंजलेले दिसणारे. ‘मालक, ह्याला गॅस नको, वेल्डिंग नको, मिस्त्री नको.’ ड्रिल लावलं, घुर्रर्र केलं, भोक पडलं. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर त्यात ठोकला, हँडल डावीकडे फिरवलं आणि बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसा वर आला. तो बोल्ट लगेच समोरच्या माणसाच्या हातावर ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. दर वेळी एकच वाक्य: ‘बघा, माझ्या हातात काही जादू नाही.’ पैसे क्यूआर कोडवर घेतले आणि पिवळ्या कागदावर बिल दिलं.

घरी बोल्टच्या मध्यावर पंच मारला, पाच एमएमचं भोक पाडलं, डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी एक्स्ट्रॅक्टर ठोकला आणि हँडल फिरवायला लागलो. बोल्ट जागचा हलला नाही, एक्स्ट्रॅक्टरच पिळला. काढून बघितलं तर त्याच्या धारा गुळगुळीत झालेल्या आणि टोकाला पीळ बसलेला. वरच्या मापाचा घेतला. तो पिळला नाही. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि तो आतच तुटला. एकाच पेटीतला एक नग मऊ आणि दुसरा काचेसारखा ठिसूळ, याचा अर्थ हत्यारांना पाणी, म्हणजे तापवून विझवून द्यायचा कडकपणा, नीट आणि एकसारखं दिलेलंच नाही.

आता खरी अडचण सांगतो, कारण पेटीवर ती कुठंही छापलेली नसते. तुटका बोल्ट साध्या पोलादाचा असतो, त्यात ड्रिल जातं. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, त्याचा तुकडा आत राहिला की नेहमीचं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं, नाहीतर बाजूला सरकून बिडात भोक पाडतं. म्हणजे आधी जे काम गावातल्या वेल्डरचं होतं, ते आता टूलरूमचं, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या कारखान्याचं, झालं. कुपवाड एमआयडीसीत स्पार्क मशीनवाल्याकडे पंपाची बॉडी घेऊन गेलो. तिथं बॉडी तेलात बुडवून वरून तांब्याचा इलेक्ट्रोड सोडतात आणि ठिणग्यांनी तुकडा कणाकणानं झिजवतात. कडक असो की मऊ, त्या ठिणगीला फरक पडत नाही. काम चोख झालं, बॉडीचे आटे वाचले. पण वेळ, मजुरी, जाणं-येणं आणि तोवर दुसऱ्याचा ब्लोअर भाड्यानं आणून केलेली फवारणी यांचा हिशेब केला तर सेटची किंमत त्यापुढं किरकोळ वाटते.

तिथल्या वयस्क मिस्त्रींनी तुकडा बघून विचारलं, ‘कुणी सांगितलं तुम्हाला हे आत घालायला?’ मग काम चालू असताना त्यांनी जे समजावलं ते मी आजवर कुठल्याच विक्रेत्याकडून ऐकलं नव्हतं. दहा एमएमचा अख्खा बोल्ट पान्ह्याच्या जोरानं तुटला, पण सुटला नाही. म्हणजे गंजाची पकड बोल्टच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. आता त्याच्या पोटात पाच एमएमचं हत्यार घालून तोच बोल्ट फिरवायचा! जाडी निम्मी झाली की पीळ सहन करायची ताकद निम्मी राहत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. हत्यार कडक असल्यामुळं थोडं भरून निघतं, सगळं नाही. शिवाय एक्स्ट्रॅक्टर निमुळता असतो. तो जितका आत जातो तितका पाचरीसारखा बोल्टला बाहेरच्या अंगानं फुगवतो आणि गंजलेले आटे आणखी घट्ट होतात.

त्यांच्या मते एक्स्ट्रॅक्टर वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. कंपनामुळं किंवा आडव्या धक्क्यानं तुटलेला बोल्ट आट्यात मोकळाच असतो, तो याने सहज येतो. गंजानं धरलेल्याला आधी गंजाची पकड मोडावी लागते. बाहेर थोडा जरी बोल्ट दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. नटाला पान्हा लागतो हा एक फायदा. मोठा फायदा असा की वेल्डच्या उष्णतेनं बोल्ट फुगतो, गार होताना आखडतो, आणि त्या हालचालीत गंज सुटतो. बिडाला किंवा ॲल्युमिनियमच्या भागाला बाहेरून गॅस मारून तेल सोडायचं. ॲल्युमिनियम तर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळं त्यातला बोल्ट तापवल्यावर ढिला पडतो. हे सगळं करून मग हँडलला हळू हळू पुढं-मागं झोल द्यायचा. एकाच दिशेनं जोर लावला की तुटतंच.

मग प्रदर्शनातले बोल्ट कसे निघत होते? ते बघायला मी शेवटच्या दिवशी परत गेलो. पुढं गर्दीत न थांबता मंडपाच्या कडेनं मागच्या बाजूला उभा राहिलो. टेबलामागं खाली सतरंजीवर एक पोरगा बसलेला. त्याच्यासमोर दुसरा तसाच ठोकळा, एका डबीत ग्रीस आणि एका वाटीत गेरू कालवलेला. तो मुंडी कापलेले बोल्ट ग्रीसमध्ये बुडवून बोटांनी, अक्षरशः दोन बोटांनी, ठोकळ्यात फिरवून बसवत होता. प्रत्येकाच्या मध्ये भोक आधीच पाडलेलं. त्या भोकात मेण भरायचं, वरून गेरूचा हात फिरवायचा, की झाला गंजलेला तुटका बोल्ट तयार. पुढच्या ठोकळ्यातले बोल्ट संपले की ठोकळ्यांची अदलाबदल. ड्रिल घुर्रर्र करत होतं ते मेणात.

पुढच्या बाजूला येऊन ठोकळ्यातल्या एका बोल्टवर बोट घासलं, बोट तांबडं झालं. गंज हाताला लागतो, पण असा ओला रंग लागत नाही. आणि तुटलेल्या बोल्टचं तोंड कधी बघितलंय का? खडबडीत, दाणेदार, एका कडेला उंच, दुसरीकडे खोल. इथले सगळे बोल्ट सपाट, त्यावर हॅक्सॉच्या बारीक रेघा. मी माझा पिळलेला एक्स्ट्रॅक्टर काढून दाखवला तर उत्तर मिळालं, ‘मालक, तुम्ही जोर जास्त लावला.’ लगेच माईकचा आवाज वाढला आणि पुढचा बोल्ट निघाला. ते एक मानावं लागेल, माणूस डगमगला नाही.

पैसे परत मागितले तर बिलावर बोट ठेवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ते बिल नंतर नीट बघितलं. त्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता म्हणून फक्त एका मोठ्या शहराचं नाव, आणि पेटीवरचा ‘ग्राहक सेवा’ मोबाईल प्रदर्शन उठल्यापासून बंद. यूपीआयची पावती तिसऱ्याच व्यक्तीच्या नावावर. बँकेनं सांगितलं की रक्कम तुम्ही स्वतः योग्य खात्यावर पाठवली आहे, यात आम्ही काही करू शकत नाही. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो. स्टॉल घेणाऱ्याचं नाव-पत्ता मात्र मी लेखी अर्ज दिल्यावर त्यांनी दिला, आणि पुढं तोच उपयोगी पडला, कारण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवताना समोरच्या पक्षाचं नाव आणि पत्ता लागतो.

‘माल परत घेणार नाही’ असं छापलं की कायदा संपतो असं अनेकांना वाटतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल ठरलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हा अनुचित व्यापारी व्यवहार धरलाय, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची. धडपणे बिल न देणं हेही त्यातच येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता कुठला का असेना, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो.

ज्यांना असा सेट घ्यायचाच आहे त्यांनी खिशात बारीक कानस ठेवा. एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्यावर नको, धारेच्या भागावर हलकी घासा. चांगलं पाणी दिलेलं असेल तर कानस काचेवरून सरकल्यासारखी जाते. माझ्या पेटीतल्या बऱ्याच नगांवर ती सरळ चावते, चकचकीत ओरखडा उठतो. कानस सरकली म्हणजे माल चांगलाच असं नाही, ठिसूळ नगावरही ती सरकते. पण चावली तर पेटी तिथंच ठेवा. त्याहून सोपं म्हणजे घरचा बोल्ट अडकलेला तुकडा, रोटरचा (रोटाव्हेटरचा) असो की नांगराचा, पिशवीत घालून न्या आणि म्हणा, हा काढा. दुसऱ्या एका प्रदर्शनात तसल्याच लाल पेटीच्या स्टॉलवर मी तसा तुकडा टेबलावर ठेवला होता. ‘ड्रिल तापलंय, अर्ध्या तासानं या’ असं सांगण्यात आलं. अर्ध्या तासानं गेलो तेव्हा ड्रिल दुसऱ्यांसाठी चालू होतं आणि माझ्यासाठी पुन्हा तापलेलं होतं.

हेल्पलाईनवरची माझी तक्रार नोंद झाली आहे, पण विक्रेत्याकडून अजून उत्तर नाही, त्यामुळं आता जिल्हा आयोगात जातोय. कायद्याच्या 35 व्या कलमात, एकाच तऱ्हेनं फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करायची सोय आहे. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ किंवा कोल्हापूरकडच्या कुणी लाल पेटीतला हा पंधरा नगांचा सेट घेतला असेल तर पिवळं बिल आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, तुटलेले नग भंगारात टाकू नका, आणि मला कळवा.