नॉरसेटचं टेस्ट सिरीज ॲप: पूर्वपरीक्षेपुरतं घ्या

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेला, खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. नाईट उतरल्यावर झोप लागेपर्यंत जेवढं होईल तेवढाच माझा अभ्यास, त्यामुळे नॉरसेटसाठी, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेसाठी, क्लास न लावता हे ॲप घेतलं.

पूर्वपरीक्षेसाठी पैसे वसूल. १०० प्रश्न, ९० मिनिटं, २०-२० प्रश्नांच्या प्रत्येक भागाला १८ मिनिटं, चुकलं की एक तृतीयांश गुण वजा, हे सगळं जसंच्या तसं ठेवलंय. गणितं तर झकास. १००० मिली सलाईन ८ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? सलाईनचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या इन्फ्युजन पंपावर काम करून करून हे हिशेब आमच्या हातातून गेलेत, इथे ते रोज समोर येतात. (४२. पंप नसता तर झोपेतही सांगितलं असतं.)

उत्तरं मात्र डोळे झाकून पाठ करू नका. दोघांनी मिळून लहान मुलाला सीपीआर देताना छातीवरचे दाब आणि श्वास यांचं प्रमाण ३०:२ दिलंय, हवं १५:२. कळवलं, अजून तसंच आहे.

मुख्य परीक्षेची सिरीज घेऊच नका. खऱ्या पेपरात केस देऊन ‘सगळ्यात आधी काय कराल’ असं विचारतात. यांनी पूर्वपरीक्षेचेच प्रश्न पेशंटचं वय लावून पुन्हा टाकलेत. आणि निवड तर मुख्यच्याच गुणांवर होते!

रँकचंही तसंच. लेव्हल ७, मूळ पगार ४४,९०० म्हटल्यावर गर्दी असणारच. पण एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांच्या, २० टक्के पुरुषांच्या, आणि ॲप सगळ्यांना एकाच यादीत बसवतं. सिस्टरांना ती रँक थोडीफार कामाची, ब्रदरनी तिच्यावरून काही ठरवू नये.

पात्रतेच्या पानावर फक्त बीएस्सी लिहिलंय. जीएनएमवाल्यांनो, घाबरू नका. डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी आणि किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव असेल तर आपल्यालाही फॉर्म भरता येतो.

राज्याच्या अधिपरिचारिका भरतीसाठी घेणार असाल तर यात मराठी व्याकरणाचा एकही प्रश्न नाही. वर्षाचा प्लॅन गळ्यात मारायला बघतात. अलीकडे नॉरसेट वर्षातून दोनदा होते, सहा महिन्यांचा पुरतो.